खणाखणाने आठवलेले गाव

मराठवाड्यात जुन्या घराचा आकार सांगताना म्हातारी माणसे चौरस फुटांचा हिशेब करत नाहीत. घर पाच खणांचे होते की नऊ खणांचे, एवढे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर उभे राहते. खण म्हणजे छताच्या दोन तुळयांमधली जागा. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्या सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी सपाट छताची, म्हणजे माळवदाची, घरे लातूर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांत गावोगाव होती, आणि लाकूड जेवढे परवडे तेवढेच खण पडत असल्यामुळे खणांची संख्या हे घराचे माप होते तसेच घरच्या ऐपतीचेही होते. औसा तालुक्यातील किल्लारी आणि तिच्या आसपासच्या गावांमध्ये ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ही मोजणीची रीतच मोडीत निघाली. सुमारे ६.२ मॅग्निट्यूडच्या त्या भूकंपात आठ ते दहा हजार माणसे दगावली आणि पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे मूळ जागा सोडून नव्या जागी वसवण्यात आली. नव्या गावांत घरे मिळाली ती २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट अशा तीन आकारांत, आणि कोणाला कोणते घर मिळायचे हे कुटुंबाच्या नावे किती जमीन आहे यावरून ठरले. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंतच आहे त्याला सर्वांत लहान, सात हेक्टरांच्या वर असेल त्याला सर्वांत मोठे. ऐपतीवरून घर मोजण्याची रीत अशा प्रकारे टिकली, मात्र खण हा शब्द कागदांतून गेला.

अशा शब्दांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न वृद्धांच्या आठवणींवर उभ्या राहणाऱ्या समूहकलेचा प्रश्न आहे. समूहकला म्हणजे एखाद्या ठिकाणच्या माणसांनी स्वतः मिळून घडवलेली कलाकृती; तिच्यात व्यावसायिक चित्रकार, नाटककार किंवा वास्तुविशारद असला तरी तो मदतनिसाच्या जागी असतो, आणि काय काढायचे, काय गाळायचे, हे ज्यांची आठवण आहे ती माणसे ठरवतात. मौखिक इतिहास, म्हणजे माणसांच्या तोंडून ऐकून नोंदलेला भूतकाळ, हा तिचा कच्चा माल असतो, पण दोहोंत फरक आहे: मौखिक इतिहासात सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा असे दोघे पुरतात, तर समूहकलेत सांगणाऱ्याच्या शेजारी बसलेला आणि 'तसे नव्हते' म्हणणारा तिसरा माणूस अत्यावश्यक ठरतो. किल्लारीच्या संदर्भात या तिसऱ्या माणसाचे महत्त्व विशेष आहे, कारण तेथील वृद्धांना भूकंपाच्या रात्रीविषयी पुष्कळांनी विचारलेले आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभाजवळ श्रद्धांजली वाहिली जाते, वार्ताहर येतात, आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर झोपलेले गाव पहाटे कसे गाडले गेले, हे तीच माणसे पुन्हा सांगतात. त्या आपत्तीची आणि तिच्यानंतरच्या कारभाराची नोंद अतुल देऊळगावकर यांच्या 'डळमळले भूमंडळ' या पुस्तकासारख्या लेखनातून झालेलीही आहे. तुलनेने फारच कमी विचारले गेले ते ३ वाजून ५६ मिनिटांच्या आधीच्या गावाविषयी: पाराकडून विहिरीकडे जाताना कोणाचे दार डाव्या हाताला लागे, कोणाच्या माळवदावरून कोणाच्या माळवदावर पोरे उडी मारत, दळण कोणाच्या ओसरीवर चाले. दुःख विचारले की तेच ते ठरलेले वाक्य पुढे येते आणि घर विचारले की माणूस हातवारे करू लागतो; कलेच्या कामाला हे हातवारेच उपयोगी पडतात.

आठवण जागेला चिकटून असते, हे समाजशास्त्राने बऱ्याच आधी मांडलेले आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स याने १९२५ साली 'सामूहिक स्मृती'ची कल्पना मांडली. तिचा आशय असा की माणूस एकटा आठवत नाही, तर कुटुंब, धर्म, व्यवसाय अशा गटांच्या चौकटीत आठवतो, आणि त्या गटाला आपली आठवण टिकवण्यासाठी घरे, रस्ते, देवळे अशा न हलणाऱ्या गोष्टींचा आधार लागतो. हाल्बवाक्स १९४५ साली बूखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत मरण पावला आणि जागा व स्मृती यांविषयीचे त्याचे विवेचन मृत्यूनंतर १९५० मध्ये ग्रंथरूपाने आले. मराठी मुलखाला मात्र हा विचार फ्रान्सहून आणावा लागत नाही. गावाची वस्तीची जागा ती पांढरी आणि कसण्याची जमीन ती काळी, ही जुनी विभागणी होती, आणि पांढरी म्हणजे नुसती गावठाणाची जागा नसून तिच्यावर राहून गेलेल्या पिढ्यांचा एकत्रित ठेवा, अशी समजूत भाषेत रुजलेली होती. पुनर्वसनात संपादित झालेल्या शेतजमिनींवर, म्हणजे काळीवर, नवी गावे उठली आणि जुनी पांढरी ओस पडली. गाव हलवण्याचा निर्णय त्या वेळी भीतीपोटी पुष्कळांना हवासाच होता, त्यामुळे त्याला सरसकट चूक म्हणता येत नाही. परंतु दाट गल्ल्यांच्या जागी रुंद सरळ रस्ते आणि सुटे सुटे प्लॉट आले, तेव्हा आठवणीला टेकायला असलेली भिंत गेली, हेही खरे.

भिंतीचा उल्लेख येथे अलंकार म्हणून केलेला नाही. किल्लारी परिसरातल्या जुन्या भिंती दोन फुटांपासून पाच-सहा फुटांपर्यंत जाड असत, आणि त्या जाडीत कोनाडे, देवळ्या, धान्याची बळदे असा निम्मा संसार मावत असे. बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन थर रचून मधली पोकळी दगडांच्या कपच्यांनी आणि चिखलाने भरायची, असे हे बांधकाम होते. दोन्ही थरांना आरपार सांधणारे लांब दगड बहुधा नसत. छतावर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकली जाई, कारण ती पाणी मुरू देत नाही, आणि वर्षामागून वर्षे असे थर चढून छताचे ओझे वाढत जाई. आजोबांनी टाकलेल्या मातीवर नातू माती टाकत असे. घर हे कुटुंबाच्या स्मृतीचे दफ्तर असते असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि माळवदाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते, पण त्याच दफ्तराच्या वजनाखाली माणसे चिरडली गेली. धक्क्याने भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले, दगड आत-बाहेर कोसळले आणि वरची माती खाली आली. पुष्कळ ठिकाणी खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभाच राहिला होता, म्हणजे खण टिकला आणि भिंत पडली, असे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना आढळले. तरीही लोकांच्या मनात दगडाचीच धास्ती बसली आणि नव्या घराला दगड नको, असा आग्रह गावोगाव धरला गेला.

बांधकामाच्या या रीतीत एका आठवणीची अनुपस्थिती दिसते. काश्मीरमध्ये भूकंप पिढ्यानपिढ्या माहीत असल्यामुळे तेथे लाकडी चौकटीत विटा-दगड भरण्याची 'धज्जी देवारी' ही हलकी पद्धत रुजली. मराठवाड्यात अशी पद्धत रुजली नाही, कारण भूकंप कोणाच्याच आठवणीत नव्हता. सरकारी नकाशाचीही गत वेगळी नव्हती. भूकंपप्रवणतेच्या त्या वेळच्या भारतीय मानकात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता, आणि २००२ साली नकाशा सुधारला गेला तेव्हा तो तिसऱ्या विभागात आला. १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात लहान धक्के आणि जमिनीखालचे आवाज सुरू झाले होते, परंतु त्यांचा अर्थ लावायला कोणाकडे ना आठवण होती, ना नकाशा. वृद्धांच्या आठवणींवर आधारलेल्या कलेने गोड हळहळीपाशी थांबता कामा नये, असे म्हणण्यामागे हे कारण आहे: माळवद थंड होते, त्यावर चांदण्यात झोपता येई, हे जितके खरे, तितकेच ते जड होते हेही चित्रात यायला हवे.

आपत्तीच्या क्षणाची आठवण आणि आपत्तीपूर्वीच्या दिवसांची आठवण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे जपानमधील दोन उदाहरणांवरून कळते. हिरोशिमा येथे १९७४ साली ७७ वर्षांच्या एका गृहस्थाने अणुबॉम्बच्या दिवशी पाहिलेले दृश्य स्वतः रंगवून तेथील दूरचित्रवाणी केंद्रात नेऊन दिले. केंद्राने इतरांना आवाहन केले आणि दोन वर्षांत दोन हजारांहून अधिक चित्रे जमली, त्यांतली बहुतेक आयुष्यात कधी कुंचला न धरलेल्यांची. २००७ पासून त्याच शहरातील मोतोमाची शाळेचे कलाविभागातील विद्यार्थी जिवंत असलेल्या वृद्धांसोबत बसून त्यांच्या आठवणींची तैलचित्रे काढतात. विद्यार्थी कच्चे चित्र दाखवतो, वृद्ध माणूस आभाळाचा रंग चुकला म्हणतो, चित्र पुन्हा सुरू होते, आणि असे महिनोन्महिने चालते. येथे आठवण आहे ती एका सकाळची, आणि ती साक्ष म्हणून जगापुढे ठेवायची आहे.

दुसरे उदाहरण २०११ च्या त्सुनामीनंतरचे आहे आणि किल्लारीला तेच अधिक जवळचे वाटते. कोबे विद्यापीठातील वास्तुविशारद ओसामू त्सुकिहाशी यांच्या पुढाकाराने वाहून गेलेल्या किनारी गावांच्या १:५०० प्रमाणाच्या प्रतिकृती तयार करण्यात आल्या. या प्रमाणात दहा मीटर लांबीचे घर दोन सेंटिमीटरचे होते, म्हणजे अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. विद्यार्थ्यांनी सगळी घरे कोऱ्या पांढऱ्या साहित्यात बनवून गावकऱ्यांपुढे मांडली आणि मग गावकऱ्यांनी प्रत्येक घराचे छप्पर, झाड, होडी कोणत्या रंगाची होती ते सांगून रंगवून घेतले, आणि आठवणी लिहिलेल्या छोट्या पताका त्या त्या जागी टोचल्या. त्या पताकांवर बहुतेक साध्यासुध्या गोष्टी आहेत: अमुक दुकान, मासे पकडण्याची जागा, जत्रेची वाट. प्रतिकृती कोरी असणे ही या कामातली खरी युक्ती आहे. रंगवलेली वस्तू माणूस नुसती पाहतो. कोरी वस्तू दिसली की चूक दुरुस्त करावी, रिकामे भरावे, अशी त्याला घाई होते.

मराठीत या युक्तीची एक जुनी बहीण आहे, ती म्हणजे जात्यावरची ओवी. ओवी बहुधा दोन ओळींची असते आणि तिची चाल व काही शब्दसमूह ठरलेले असतात. गाणारी बाई त्या चौकटीत आपल्या गावाचे, भावाचे, लेकीचे नाव बसवते. चौकट सगळ्यांची आणि नाव एकीचे, अशी तिची घडण असल्यामुळे ती एकाच वेळी सामूहिक आणि खाजगी असते, आणि समोर बसून जात्याचा खुंटा धरणारी दुसरी बाई ओवी उचलून धरते किंवा तिला जोड देते. पुण्यातील हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थिरावलेले गी पॉइत्वाँ यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत या ओव्या गोळा करण्याचे काम उभारले. एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक बायकांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संग्रहाने त्या ध्वनी, चित्र आणि अनुवाद यांसह लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. हे काम नीट पाहिले तर त्यात संग्रहापेक्षा अधिक काही घडलेले दिसते. गावात पिठाची गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले होते आणि ओवी म्हणण्याचे कारणच उरले नव्हते. नोंद करणारे आले तेव्हा जाते पुन्हा मांडले गेले, दोघी समोरासमोर बसल्या, आणि हात फिरू लागल्यावर तोंडात ओवी आली. आठवण शब्दांत असते त्याहून अधिक ती दंडात आणि खांद्यात असते, हे अभ्यासकांना गाणाऱ्या बायकांनी दाखवून दिले. माजलगाव येथील दलित वस्तीत मिळालेल्या डॉ. आंबेडकरांवरील ओव्या हा या संग्रहाचा मोलाचा भाग आहे, आणि जाते ज्या घरात असेल त्या घराचा इतिहास ओवीत येतो, तो कोणा एका जातीचा राहत नाही, याचा तो पुरावा आहे.

किल्लारीसारख्या गावाचा नकाशा आठवणीतून काढायचा झाल्यास हाच मुद्दा प्रथम लक्षात ठेवावा लागतो. जुने गाव एकसंध नव्हते. कोणाची गल्ली पाराजवळ होती आणि कोणाची वस्ती गावाबाहेर, कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरता येई, हे ठरलेले होते, आणि पारावर बसणाऱ्या पुरुषांनाच विचारले तर जो नकाशा हाती येतो तो अर्ध्या गावाचा असतो. पुरुषाला गाव शिवार, वेस आणि बाजार या अंगाने आठवते, बाईला ते परसदार, पाणवठा आणि शेजारच्या चुलीच्या धुराने. माहेरवाशिणींचा विचार तर क्वचितच होतो. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, एकोंडी या गावांतून भूकंपाआधी लग्न होऊन बाहेर गेलेल्या बायकांच्या मनात माहेरचे गाव लग्नाच्या दिवशी होते तसेच राहिलेले असते, कारण त्यानंतरची रोजची पडझड आणि दुरुस्ती त्यांनी पाहिलेली नसते. उमरगा किंवा निलंगा येथे राहणारी सत्तरीतली अशी बाई गावाबाहेरची असूनही गावाच्या नकाशाची फार चांगली जाणकार ठरू शकते. १९९३ साली जी माणसे चाळिशीत होती ती आता सत्तरीच्या पुढे आहेत. तेव्हा शाळकरी असलेल्यांना आपले घर आठवते, पण गावातली सगळी घरे क्रमाने आठवत नाहीत.

विचारणारी व्यक्ती कोण, यालाही तितकेच महत्त्व आहे. पुनर्बांधणीच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून तयार केले होते, आणि घराच्या दुरुस्तीविषयी सरकार व कुटुंब यांच्यात त्या बोलणी करत. सिमेंट किती, कोपरे कसे बांधायचे, हे ज्यांनी दारोदार जाऊन समजावले त्या बायका आज स्वतः वृद्ध होत आहेत, आणि प्रश्न विचारण्याचा सराव असलेल्या अशा माणसांचा वर्ग या परिसरात आधीपासून आहे, ही जमेची बाजू मोठी आहे. परदेशात हे काम बहुधा वृद्धांच्या आरोग्याच्या वाटेने सुरू झाले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली, म्हातारपणी जुन्या गोष्टी पुनःपुन्हा काढणे ही बुद्धीची घसरण नसून आयुष्याचा हिशेब मांडण्याची नैसर्गिक क्रिया आहे, असे प्रतिपादन केले, आणि १९८३ साली लंडनमध्ये पॅम श्वाइट्झर यांनी 'एज एक्स्चेंज' ही संस्था काढून वृद्धांच्या आठवणींवरून नाटके बसवायला प्रारंभ केला. मराठवाड्यात म्हाताऱ्याच्या गोष्टीला ऐकणारा पूर्वी घरातच होता. तो पुण्या-मुंबईला गेला, एवढेच.

या कामाचे साधन महाग असावे लागत नाही. खेळाचे मैदान आखायला शाळेत जी पांढरी फक्की वापरतात, तिने मोकळ्या जागेवर एक माळवदाचे घर खऱ्या मापाने आखले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. वृद्ध माणूस काठीने दाखवतो, मुले फक्की टाकतात. भिंतीची आतली रेघ आणि बाहेरची रेघ यांच्यामध्ये सातवी-आठवीचा मुलगा सहज आडवा झोपू शकेल एवढी जागा निघते, आणि भिंत इतकी जाड असू शकते, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळते. खांबांच्या जागी विटा ठेवल्या की खण मोजता येतात. दोन खांबांमध्ये चुलीची जागा दाखवताना आजी काठी बाजूला टाकून तेथे बसते, डावा हात सरपणाकडे नेते, उजवा कोनाड्याकडे, आणि कोनाडा जिथे हात पोचतो तिथे असायला हवा म्हणून रेघ वीतभर सरकवायला लावते. मापाचा असा पुरावा कोणत्याही कागदात सापडत नाही. शेजारचे घर आखताना मात्र वाद होतो. दोन सख्खे शेजारी सामाईक भिंत कोणाची यावर अडून बसतात, आणि तेव्हा वाद न मिटवता दोन्ही रेघा वेगवेगळ्या रंगात ठेवणे हे मदतनिसाचे काम असते, कारण तो वाद हा त्या भिंतीचा सर्वांत जुना दस्तऐवज असू शकतो.

फक्की पहिल्या पावसाबरोबर जाते, म्हणून तिच्यावरून काहीतरी टिकाऊ उतरवावे लागते, आणि येथे मराठवाड्यातल्या बायकांच्या हातची वाकळ उपयोगी पडते. वाकळ किंवा गोधडी म्हणजे जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. वरून ठिगळे लावली जातात आणि कोणते ठिगळ कोणाच्या कापडाचे, हे शिवणारीला पाठ असते. मराठीत चोळीच्या कापडालाही खणच म्हणतात आणि ओटीत मिळालेला खण शेवटी वाकळेच्या ठिगळात जातो, हा योगायोग या कामासाठी फारच सोयीचा आहे: घराचा एक खण तो कापडाचा एक खण, असे प्रमाण धरले तर गल्ली शिवता येते. पाच खणांचे घर पाच ठिगळांचे, मधली बोळ लुगड्याच्या काठाची, विहीर गोल कापलेल्या निळ्या तुकड्याची. भूकंपात कपाटे-पेट्या दबल्या तरी ढिगाऱ्यातून निघालेली कापडे कोणी कोणी जपून ठेवलेली असतात, आणि ती द्यायची की नाही हा निर्णय सर्वस्वी त्या घराचा. जपानी प्रतिकृतीसारखी ही वाकळ काचेमागे ठेवता येईल. पण वाकळ विरली की तिच्यावर नवा थर चढवून ती पुन्हा शिवायची, माळवदावर दर साली माती टाकावी तशी, अशी या कापडाची मूळ रीत आहे, आणि काचेमागे गेलेल्या वाकळेवर थर चढत नाही. शाळेच्या भिंतीवर टांगायची, की दर वर्षी विसर्जनानंतर आणि पितृपंधरवड्याआधी खाली उतरवून, ज्या घरांची आठवण नव्याने कोणी सांगितली ती ठिगळे जोडून पुन्हा शिवायची, याचा निवाडा सुई हातात असलेल्या बायकांनी करायचा आहे.